पोहरा भरलेला, आड रिकामा : न्यूफाउंडलंडच्या कॉडचं प्रकरण

१९८९ च्या सुरुवातीला कॅनडाचे मत्स्यमंत्री टॉम सिडन यांच्यासमोर दोन आकडे होते. पहिला आदल्या वर्षीचा. न्यूफाउंडलंड आणि लॅब्राडोरच्या किनाऱ्यापुढच्या 'नॉर्दर्न कॉड' या माशाच्या साठ्यातून १९८८ साली २,६६,००० टन मासळी काढायला परवानगी होती. दुसरा आकडा शास्त्रज्ञांनी नुकताच दिला होता : तुमचं ठरलेलं धोरण पाळायचं असेल तर यंदा १,२५,००० टन. म्हणजे एका वर्षात निम्म्याहून खाली. सिडन यांनी २,३५,००० टनांवर शिक्का मारला. साडेतीन वर्षांनी हा आकडा शून्य झाला आणि पुढची बत्तीस वर्षं व्यापारी मासेमारी जवळपास बंद राहिली.

एवढंच सांगितलं तर गोष्ट फार सोपी होते. शास्त्रज्ञ शहाणे, मंत्री नादान. अनेकदा ती अशीच सांगितली जाते. पण याच शास्त्रीय यंत्रणेने त्याआधीची जवळजवळ दहा वर्षं साठा वाढतोय असं सांगितलं होतं, आणि मंत्र्यांनी ते मान्यही केलं होतं. खरा घोळ १९८९ चा नाही. तो मासे मोजण्यात होता, त्यामुळे तिथूनच सुरुवात केली पाहिजे.

आधी मासा. नॉर्दर्न कॉड थंड पाण्यात सावकाश वाढतो. अंडी घालण्याजोगा व्हायला त्याला साधारण पाच ते सात वर्षं लागतात आणि पकडला गेला नाही तर वीस वर्षंही जगतो. मोठी मादी एका हंगामात लाखो अंडी सोडते. त्यातली जगतात अगदी थोडी, म्हणून वर्षानुवर्षं अंडी घालणाऱ्या जुन्या, जाडजूड माद्या साठ्यात असाव्या लागतात. एखादं वर्ष पिल्लांना वाईट गेलं तर पुढच्या वर्षाची भिस्त त्यांच्यावरच असते. हिवाळ्यात हे मासे खंडमंचाच्या (किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रतळाच्या) कडेला, खोल पाण्यात दाट थव्यांनी जमतात आणि तिथेच अंडी सोडतात. उन्हाळा आला की केपलिन नावाच्या बोटभर मासळीच्या मागे किनाऱ्याला येतात. जून-जुलैत केपलिन अंडी घालायला थेट पुळणीवर चढतं आणि त्याच्या पाठोपाठ कॉड.

या येण्याजाण्यामुळे तिथे दोन वेगळ्या मासेमाऱ्या तयार झाल्या. किनाऱ्याजवळच्या छोट्या गावांतले लोक छोट्या होड्यांनी, गळाने आणि १८६० च्या दशकापासून 'कॉड ट्रॅप'ने मासे धरत. हा ट्रॅप म्हणजे समुद्रात नांगरून ठेवलेली जाळ्याची खोली : चार भिंती, तळ आणि एक दार. किनाऱ्यापासून एक सरळ जाळं त्या दारापर्यंत ताणलेलं असतं. किनाऱ्याने जाणारा मासा त्या भिंतीला अडतो, खोल पाण्याकडे वळतो आणि दारातून आत शिरतो. जाळं जागेवर उभं असतं, मासा आला तर सापडतो, नाही आला तर नाही. आपल्याकडच्या डोलीचा, म्हणजे खुंटांना बांधून उभ्या केलेल्या जाळ्याचा, हिशेबही बराचसा असाच, फक्त तिथे काम भरती-ओहोटीचा ओढा करतो.

दुसरी मासेमारी खोल समुद्रातली. १९५४ साली ब्रिटनचं 'फेअरट्राय' हे जहाज आलं. जहाजामागे ओढायचं प्रचंड ट्रॉल जाळं, आणि मासे कापून गोठवण्याचा कारखाना जहाजावरच. त्यामागोमाग सोव्हिएत संघ, पोर्तुगाल, स्पेन, पूर्व आणि पश्चिम जर्मनी यांची जहाजं आली. हिवाळ्यात, अंडी घालायला गोळा झालेल्या थव्यांवरच जाळी ओढता येऊ लागली. १९६८ साली या एका साठ्यातून सुमारे ८,१०,००० टन कॉड निघाला. ही जहाजं येण्याआधी कुठल्याही काळात वर्षाची पकड याच्या निम्म्यावरही गेली नव्हती. दहा वर्षांत, १९७८ पर्यंत, ती दीड लाख टनांच्याही खाली घसरली.

१९७७ मध्ये कॅनडाने किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतचं पाणी आपल्या ताब्यात घेतलं. परदेशी जहाजं बरीचशी बाहेर गेली. सगळ्यांचं एकमत झालं : चोर गेले, आता घर आपलं. मग परदेशी ट्रॉलर गेले तसे कॅनडाचे ट्रॉलर आले. सरकारी मदतीने कारखाने उभे राहिले, बर्फातही चालतील अशी जहाजं बांधली गेली. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारने नेमलेल्या मायकेल कर्बी यांच्या कार्यदलाने तर पाच वर्षांत या साठ्यातून चार लाख टन मिळतील असं गृहीत धरून आराखडा मांडला.

कागदावरचं धोरण मात्र सावध होतं. मत्स्यव्यवस्थापनात 'कमाल शाश्वत उत्पादन' नावाची कल्पना आहे : साठ्याची वाढ जेवढी, तेवढंच काढायचं, आणि साठा अशा पातळीवर ठेवायचा की ही वाढ जास्तीत जास्त राहील. म्हणायला सोपं, पण त्या टोकावर उभं राहिलं की जरासा अंदाज चुकला तरी कडेलोट. म्हणून कॅनडाने त्याच्याही अलीकडची रेषा धरली. पकडण्याजोग्या माशांपैकी वर्षाला साधारण पाचवा हिस्साच काढायचा. जगात त्या काळी इतकं संयमी उद्दिष्ट ठेवणारे देश फार नव्हते.

पण पाचवा हिस्सा कशाचा? समुद्रात एकूण किती मासे आहेत हे कोणी मोजू शकत नाही. ते उलट्या हिशेबाने काढतात. दरवर्षी किती वर्षं वयाचे किती मासे पकडले याची नोंद असते. कॉडच्या कानातल्या छोट्या हाडावर झाडाच्या खोडासारखी वलयं असतात, त्यावरून वय कळतं. समजा १९७० साली जन्मलेले मासे पुढच्या बारा-पंधरा वर्षांत पकडून संपले. त्या सगळ्या पकडींची बेरीज केली, नैसर्गिक मरणाचा अंदाज त्यात मिळवला, की १९७५ साली त्या पिढीचे किती मासे पाण्यात होते ते निघतं. जुन्या वर्षांसाठी ही पद्धत चोख. अडचण चालू वर्षाची. आज पाण्यात असलेली पिढी अजून पकडून संपलेली नाही, मग तिची बेरीज करायची कशी? आणि कोटा तर आजच ठरवायचा असतो. त्यामुळे ताज्या वर्षांसाठी बाहेरून एखादा निदर्शक आणून हिशेबाला टेकू द्यावा लागतो.

असे दोन निदर्शक हाताशी होते. एक, सरकारी संशोधन जहाजाची शरद ऋतूतली पाहणी. नकाशावर चिठ्ठ्या टाकून जागा निवडायच्या, तिथे मासे असोत वा नसोत, ठराविक वेळ जाळं ओढायचं आणि मोजायचं. दुसरा, व्यापारी ट्रॉलरची 'प्रति प्रयत्न पकड', म्हणजे तासभर जाळं ओढलं तर किती टन मासे मिळाले. पाहणीचे आकडे वर्षागणिक खूप वरखाली होत. ट्रॉलरचे आकडे भरपूर, नियमित आणि दिसायला गुळगुळीत. ते सांगत होते, तासाला मिळणारी मासळी वाढते आहे. शास्त्रज्ञांनी दोन्ही धरले आणि दोहोंच्या मधली वाट काढली.

इथे थोडं थांबून हिशेब करू. समजा समुद्रात दाट थव्यांच्या दहा जागा आहेत आणि प्रत्येक जागी जाळं तासभर ओढलं की दोन टन मासे येतात. काही वर्षांनी मासे निम्मे झाले. कॉडची सवय अशी की कमी झाला म्हणून तो विरळ पसरत नाही, एकत्रच राहतो. म्हणजे आता दहाऐवजी पाच जागा, पण प्रत्येक जागा पूर्वीइतकीच दाट. ट्रॉलरचा कप्तान काही चिठ्ठ्या टाकून जागा निवडत नाही. त्याच्याकडे ध्वनिलहरींनी मासे शोधणारं 'सोनार' यंत्र आहे, मागच्या हंगामाच्या नोंदी आहेत, शेजारच्या जहाजाचा रेडिओ आहे. तो बरोबर त्या पाचांवर जातो आणि त्याला तासाला दोनच टन मिळतात. दरम्यान सोनार सुधारलं, इंजिन मोठं झालं, तर सव्वादोन मिळतात. साठा निम्मा, निदर्शक वर. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं आपण म्हणतो. इथे पोहरा शेवटपर्यंत काठोकाठ भरून येत होता, आणि त्यावरून आडाचं पाणी मोजलं जात होतं.

चूक एकदाच झाली असती तर निभावलं असतं. पण प्रत्येक वर्षी फुगलेल्या अंदाजाचा पाचवा हिस्सा कोटा म्हणून दिला जाई आणि तो खऱ्या साठ्याच्या दोन-अडीच पंचमांश निघे. दोन-तीन वर्षांनी जुना हिशेब पक्का झाला की कळे, अरे, तेव्हा मासे सांगितले त्यापेक्षा कमी होते. मग आकडा मागच्या तारखेने खाली यायचा, आणि नव्या वर्षाचा अंदाज पुन्हा तितकाच फुगलेला असायचा. शिवाय लहान मासे भाव येत नाही म्हणून समुद्रातच टाकून दिले जात. ते मरत, पण पकडीच्या नोंदीत येत नसत.

या सगळ्या काळात एक गट वेगळं सांगत होता. १९८० च्या दशकाच्या पहिल्या काही वर्षांपासून किनाऱ्यावरचे ट्रॅपवाले म्हणत होते की मासा कमी येतो आहे, आणि येतो तो लहान आहे. लोक जास्त जाळी लावत होते, लांब जात होते आणि तरी पकड घसरत होती. त्यांच्या संघटनेच्या सांगण्यावरून न्यूफाउंडलंडची राजधानी सेंट जॉन्स इथल्या मेमोरियल विद्यापीठातल्या जीवशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये सरकारी हिशेब तपासला आणि साठा वाढवून सांगितला जातोय असा निष्कर्ष काढला. सरकारने मग अमेरिकेचे मत्स्यशास्त्रज्ञ ली अल्व्हरसन यांचा गट नेमला. या गटालाही अंदाज फुगलेले वाटले, पण त्यांच्या अहवालाची भाषा बेताची होती. त्यात १९८६ च्या पाहणीत अवचित मोठा आकडा आला आणि सरकारी अंदाजांवरच्या संशयाला जागा राहिली नाही. पुढे तो आकडा अपवाद ठरला.

ट्रॅपवाल्यांचं का ऐकलं गेलं नाही, याला शास्त्रज्ञांकडे उत्तर होतं, आणि ते अगदीच टाकाऊ नव्हतं. किनाऱ्याला कॉड किती येतो हे पाण्याच्या तापमानावर अवलंबून असतं. थंड पाण्याचा थर किनाऱ्याला चिकटला तर मासे बाहेरच राहतात. म्हणजे ट्रॅप रिकामा गेला याचा अर्थ साठा घटला असाच होत नाही. शिवाय गावोगावच्या या पकडीची 'प्रति प्रयत्न' अशी नोंद कोणी ठेवलीच नव्हती. आकड्यांच्या तक्त्यात तिला रकाना नव्हता. माझ्या मते चूक इथे झाली, आणि ती गणिताची नव्हती. जागेवर उभं असलेलं जाळं माशांच्या मागे धावत नाही, म्हणून मासे आटले तर ते त्याला आधी कळतं. तापमानाची ढवळाढवळ वजा करून ही साक्ष कशी वाचायची, यावर मेहनत घ्यायला हवी होती. ती घेतली गेली ट्रॉलरच्या आकड्यांवर, कारण ते तयार मिळत होते.

आता १९८९ कडे परत. नव्या मूल्यांकनात शास्त्रज्ञांनी स्वतःच मान्य केलं की मासेमारीने मरणाऱ्या माशांचं प्रमाण ठरवलेल्या पातळीच्या दुपटीच्या आसपास किंवा त्याहून वर गेलं आहे. धोरण पाळायचं तर १,२५,००० टन. सरकारकडे अशा वेळेसाठी एक पळवाट आधीच होती, '५० टक्के नियम' : कोटा एकदम खाली आणावा लागत असेल तर पहिल्या टप्प्यात अर्धंच अंतर कापायचं. कारखाने आणि कामगारांना धक्का बसू नये म्हणून. ऐकायला समंजस वाटतं. पण साठा घसरत असताना अर्धं अंतर कापलं तर पुढच्या वर्षापर्यंत उरलेलं अंतर वाढलेलं असतं. २,३५,००० हा आकडा तर त्या अर्ध्यावरही आला नव्हता.

मग आणखी एक समिती. मेमोरियल विद्यापीठाचे अध्यक्ष लेस्ली हॅरिस यांच्या गटाने १९९० मध्ये पकड तातडीने कमी करायला सांगितलं. कोटा १,९७,००० वर आला, १९९१ ला १,९०,०००. त्या दोन-अडीच वर्षांत साठ्याचा उरलासुरला भाग निघून गेला. १९९१ मध्ये ट्रॉलरना कोटाही पुरा करता आला नाही. फेब्रुवारी १९९२ मध्ये कोटा १,२०,००० वर आणला, तोवर धरायला फारसं काही राहिलं नव्हतं. २ जुलै १९९२ रोजी मंत्री जॉन क्रॉस्बी यांनी, जे स्वतः न्यूफाउंडलंडचेच, सेंट जॉन्सच्या एका हॉटेलात दोन वर्षांची बंदी जाहीर केली. आदल्याच दिवशी बे बुल्स या मच्छीमार गावात चिडलेल्या जमावाला ते म्हणाले होते की मासे पाण्यातून मी काढलेले नाहीत. हॉटेलात आठवड्याला २२५ डॉलर भत्ता जाहीर झाला तेव्हा बाहेर थांबलेले मच्छीमार दार तोडायला धावले. पुढे भत्ता ४०६ डॉलरपर्यंत वाढवावा लागला. न्यूफाउंडलंडमध्ये सुमारे तीस हजार लोकांचं काम गेलं. साठ्यातला अंडी घालण्याजोगा भाग पूर्वीच्या एक टक्क्याच्या आसपास उरला होता.

समुद्र थंड पडला म्हणून हे झालं का? १९९० च्या आसपास पाणी नेहमीपेक्षा खूप थंड होतं आणि १९९१ मध्ये केपलिनही कोसळलं, हे खरं आहे. जेफ्री हचिंग्ज आणि रॅन्सम मायर्स या दोन मत्स्यशास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये ठामपणे मांडलं की थंडीवर खापर फोडू नका, कारण जास्तीची मासेमारीच आहे. त्याआधीच्या शतकांत याहून थंड काळ येऊन गेले आणि साठा टिकला होता. वाद पूर्ण मिटलेला नाही. केपलिनशिवाय कॉडला परत उभं राहता आलं नाही यावर मात्र आता फारसं दुमत नाही. एकाच माशाचा कोटा ठरवताना तो खातो काय, याचा विचार त्या हिशेबात नव्हताच.

दोन वर्षांची बंदी संपली नाही. मदतीच्या दुसऱ्या योजनेत १९९४ पासून १.९ अब्ज डॉलर ओतले गेले. त्यात लोकांना मासेमारी सोडायला लावायचं होतं, पण अनेकजण भत्ता घेऊन वाट पाहत राहिले. १९९९ मध्ये किनाऱ्याजवळ ९,००० टनांपुरती मासेमारी उघडली आणि २००३ मध्ये पुन्हा बंद केली. १९९१ च्या जनगणनेत प्रांताची लोकसंख्या ५,६८,००० होती, २००१ मध्ये ५,१३,००० झाली. ज्यांच्याकडे मोठ्या होड्या आणि परवाने होते त्यांचं मात्र बरं चाललं. कॉड नाहीसा झाल्यावर कोळंबी आणि स्नो क्रॅब जातीचे खेकडे भरमसाठ वाढले, आणि काही वर्षांतच प्रांताच्या मासळीचं एकूण मोल बंदीआधीच्यापेक्षा जास्त झालं. हे प्रकरण शिकवताना हा भाग सहसा गाळतात. मच्छीमारी संपली नव्हती, ती थोड्या हातांत गेली.

आपल्या किनाऱ्यावर कोट्याची पद्धत नाही, आणि ती उचलून आणणंही शक्य नाही. एका ओढीत तीस-चाळीस जातींची मासळी येते, कोणाचा कोटा कसा मोजणार? म्हणून इथे नियम पकडीवर नाहीत, पकडण्याच्या रीतीवर आहेत : १ जून ते ३१ जुलै बंदी, जाळ्याच्या आसाचं (म्हणजे भोकांचं) माप, एलईडी दिव्यांच्या मासेमारीला मनाई, परवाने. २०२३ मध्ये महाराष्ट्राने पापलेटला राज्यमासा घोषित केलं आणि त्याच वर्षी विक्रीयोग्य माशांच्या किमान आकाराचे नियमही आले. किमान आकाराचा हेतू एवढाच, की मासा एकदा तरी अंडी घालून मग जाळ्यात यावा.

पण मोजण्याचा प्रश्न इथेही तोच आहे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था बंदरांवर उतरणाऱ्या मासळीच्या नमुन्यांवरून अंदाज बांधते. उतरलेली मासळी टिकून आहे, असं दिसलं तर पुढचा प्रश्न विचारलाच पाहिजे : ती किती दिवस समुद्रात राहून, किती अश्वशक्तीने, किती खोल जाऊन आणली? जी होडी पूर्वी संध्याकाळी परत यायची ती आज आठवडाभर बाहेर असते, फिश फाइंडर आणि जीपीएस घेऊन. तिचा एक फेरा आणि पूर्वीचा एक फेरा हे एकच माप धरलं, तर आपणही पोहऱ्यावरच चाललो आहोत. वसई, अर्नाळा, उत्तनच्या खुंटांवर उभ्या असलेल्या डोली या बाबतीत उपयोगी साक्षीदार आहेत. त्याच जागी, त्याच ओढ्यात किती बोंबील, किती पापलेटची पिल्लं आली, याची वर्षानुवर्षांची नोंद ट्रॉलरच्या आकड्यांना ताळ्यावर ठेवू शकते. साक्षीदार निर्दोष असतो असं नाही. बारीक आसाची डोल पापलेटची पिल्लंही ओढतेच, आणि किमान आकाराच्या नियमात तीही आरोपी आहे.

कॅनडात पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. साधारण २०१० नंतर साठा वाढू लागला आणि थोड्या वर्षांनी पुन्हा रेंगाळला, तरी तो 'गंभीर' या पातळीतच गणला जात होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये शास्त्रज्ञांनी नवा हिशेब मांडला. जुन्या हिशेबात १९८० च्या दशकापासूनचे आकडे होते, नव्यात १९५० च्या दशकापर्यंतचे घेतले, आणि त्यातून 'गंभीर' पातळीची रेषा खाली सरकली. पाण्यातले मासे आदल्या दिवशी होते तेवढेच, पण साठा कागदावर 'सावध' पातळीत आला. जून २०२४ मध्ये सरकारने बंदी उठवली आणि १८,००० टनांचा कोटा दिला. त्याआधी मर्यादित मासेमारीत साधारण १३,००० टनांची मुभा होतीच, म्हणजे वाढ लहान होती. भांडण दुसऱ्याच गोष्टीवरून झालं. नव्या कोट्यात खोल समुद्रातल्या ट्रॉलरना वाटा होता, आणि २०० मैलांबाहेर मासेमारी करणाऱ्या परदेशी जहाजांना पाच टक्के. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांच्या संघटनेने या निर्णयाला कडाडून विरोध केला. साठा पुरेसा वाढेपर्यंत मासेमारी किनाऱ्यापुरतीच ठेवा, असं त्यांचं म्हणणं होतं.